काकांकडंच वळणारा कॅमेरा

कॉलेज का सोडलं म्हणून विचारता ना? मी सोडलं नाही, थोरल्या काकांनी बुडवलं.

टायफॉइडमुळं माझी हजेरी कमी पडली होती. प्रवेश रद्द करायचा का, याची सुनावणी व्हिडिओवर होती. समिती लातूरला, मी आणि काका नायगावच्या एका खोलीत. तिथल्या कॅमेरा ऑपरेटरनं आधीच बजावलं, "हा कॅमेरा ज्याचा आवाज मोठा त्याच्याकडं वळतो, दुसऱ्याचा आवाज कापतो. कंपनीला हा दोष ठाऊक आहे, दुरुस्ती अजून आली नाही. तोवर उपाय एकच. ज्याला विचारलं त्यानंच बोला."

"हाव, कळलं," काका म्हणाले.

समितीच्या बाईंनी मला विचारलं, "आजारी होतास तर कळवलं का नाहीस?"

कळवलं होतं. सरांना केलेला मेसेज दाखवायला मोबाईल हातातच होता. मी तोंड उघडलं, तोवर कॅमेरा काकांकडं गेलेला.

"मॅडम, लेकरू लाजाळू हाय. मी सांगतो."

"काका, गप बसा."

"थोरलं माणूस बसलेलं असताना तू बोलणार व्हय रे?"

आमच्या घरात सोयरीक असो की वाटणी, थोरलाच बोलतो. काका आपल्या गावातल्या वजनाबद्दल बोलत राहिले. शेवटी बाईंनी विचारलं, "विद्यार्थ्याला स्वतःला काही सांगायचं आहे?"

"न्हाई मॅडम. माझं तेच त्याचं."

माझा आवाज लातूरला पोचलाच नाही, आणि विद्यार्थ्यानं खुलासा दिला नाही म्हणून प्रवेश रद्द झाला. डिप्लोमाचं एकच वर्ष राहिलं होतं.