नव्या ट्रकचा रंग

...आणि रंग काय म्हणून खरवडायचा? तुम्हीच सांगा. ट्रक नवाकोरा, लालभडक, त्याच्या कडेला मी रेडिओची उंच दांडी बसवतोय, म्हणजे अँटेना हो, खाली मऊ रबर घालून, ओरखडा नको म्हणून... आणि आमचा ऑरिन म्हातारा, उभा जन्म हॅम रेडिओवर, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी संचावर, बडबडण्यात गेलेला, शेजारी खुर्ची टाकून एकच जप करतोय, "रंग खरवडलास का? अरे, दांडी म्हणजे अर्धी अँटेना, उरलेली अर्धी तुझा ट्रक. पत्र्याला लोखंड भिडलं पाहिजे. अर्थिंग कर." मी म्हटलं, "ऑरिन, कॉफी पी."

तर तुम्हाला सांगतो, डोंगर पेटला. आयडाहोत ऑगस्ट म्हटला की धूर आलाच, पण या खेपेला मोबाइलचे टॉवरच जळाले, आणि माझी बायको लव्हॉन दरीत, बहिणीची खेचरं सोडवायला गेलेली. मी नि ऑरिन ट्रक घेऊन माथ्यावर, आग कुठवर आली ते कळवायला. खाली बघतो तर काय... ओढ्यावरचा पूल पेटलेला. आणि तेवढ्यात रेडिओवर लव्हॉन, एकदम शांत, "खेचरं गाडीत चढवली. पुलावरून येते."

बटण दाबून ओरडलो, "पुलावरून नको, फाट्यावरून उत्तरेला वळ." तर ती म्हणते, "कुणीतरी नुसतं खरखरतंय. मी निघाले." खरखरतंय? नवरा आहे मी तिचा. ऑरिनच्या हातातल्या रेडिओचा आवाज डोंगराआड पोचेना, माझ्या रेडिओचा काटा तांबड्यात जाऊन बसलेला, म्हणजे आवाज दांडीतून बाहेर पडतच नाही, तिकडे तिचा फाटा जवळ येतोय, आणि म्हातारा विचारतो काय? "रंग खरवडलास का?"

खरवडला. सुरीनं खरवडला, किल्लीनं खरवडला, ते रबर ओरबाडून फेकलं, रडत होतो, खोटं कशाला बोलू... ट्रकसाठी नाही हो. उघडा पत्रा लागला, त्यावर दांडी आवळली, तांब्याची पट्टी खाली चासीला करकचून बांधली. "लव्हॉन, थांब. पूल जळतोय."

मग आवाज आला, "कोण बोलतंय? आधी कॉल साइन सांगा."

आता आम्हा हॅमवाल्यांत नियमच आहे, रेडिओवर तोंड उघडलं की सरकारनं दिलेली अक्षरं सांगायची, आणि ही बाई नियमाची अशी की यम आला तरी त्याचं लायसन बघेल. आणि मला माझीच अक्षरं आठवेनात. के... सेव्हन... पुढे नुसता धूर. "लव्हॉन, अगं, तुझा नवरा... तुझा नवरा बोलतोय."

"बरं. उत्तरेनं येते."

आली. खेचरांसकट आली. मी तिला धरून उभाच राहिलो, ती म्हणाली, "पुरे रे, खेचरं बघतायत."

पण ते सगळं अख्ख्या जिल्ह्यानं ऐकलं ना. रोज संध्याकाळी आमच्या हॅम मंडळींची रेडिओवर हजेरी असते, तिथे आता दाढीवाला ऑरिन माझी अक्षरं घेतच नाही. खर्जात पुकारतो, "तुझा नवरा, तुझा नवरा... आहेस का?" आणि काय करणार, हजेरी तर लागली पाहिजे... मी म्हणतो, "आहे."