रिटायर झाल्यावर या

मंडळी, ऐका! एक साधा प्रश्न विचारतो. दारात आलेल्याला 'नंतर या' म्हणावं का? नाही ना? मान हलवलीत! मग परवा पायरी चढताना छातीत कळ आली, तीही दारातच उभी होती. तिला काय म्हणालात? "लग्नसराई उरकू दे!" हं. आता हलवा मान!

तर एका तालुक्याच्या गावी भगीरथराव टेमघरे. जमीनमोजणीच्या कचेरीत कारकून. लोक भाऊसाहेब म्हणायचे. माणूस वाईट नव्हता हो! नुसता दमलेला होता. आणि दमलेल्या माणसाला एकच मंत्र येतो — 'नंतर या.' शेतकरी आला, म्हणाला शेजाऱ्यानं बांध सरकवलाय. नंतर या! तो गेला. बांध आणखी सरकला!

सवय अंगात मुरली. गुडघा कुरकुरला — "रिटायर झाल्यावर ये." घशाला सारखी कोरड पडते — "रिटायर झाल्यावर बघू." बायको सगुणाबाई. ती बिचारी म्हणायची, "अहो, टेकडीवरच्या देवीची ओटी भरायची राहिलीय. लग्न झाल्यापासून राहिलीय."

"रिटायर झाल्यावर जाऊ की!"

झाले रिटायर. शाल मिळाली, नारळ मिळाला, भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ज्याला आता कुठंच पोचायचं नाही, त्याला घड्याळ! जगाची रीत आहे, मी काय बोलू?

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसाहेबांनी दार उघडलं. बाहेर — रांग!

"कोण हो तुम्ही?"

पुढची म्हातारी काठी टेकत म्हणाली, "मी गुडघेदुखी. तुम्हीच या म्हणाला होतात."

तिच्यामागे मधुमेह. हातात पेढ्यांचा पुडा! कचेरीत काम असेल तर रिकाम्या हातानं जाऊ नये, एवढं त्यालाही ठाऊक. त्याच्यामागे रक्तदाब — लालबुंद, ओरडतोय, "रांग मोडू नका!" कुणी मोडत नव्हतं हो. आणि शेवटी एक बाई भिंतीला टेकून जांभया देत होती.

"तुम्ही कुठला आजार?"

"मी आजार नाही, भाऊसाहेब. मी झोप. कचेरीत जेवणानंतर रोज गाठ पडायची आपली. घरी कधी ओळख दिली नाहीत."

मृदंगवाले, हसू नका. तुमचा खांदा मी मघापासून बघतोय!

भाऊसाहेब डगमगले नाहीत. हुकमी पान टाकलं — "आज साहेब नाहीत!"

गुडघेदुखी शांतपणे म्हणाली, "वरचे साहेब आहेत. ते कधी रजेवर नसतात. त्यांच्याकडे पाठवू का तुमचं प्रकरण?"

"नको, नको! या, आत या!"

सगुणाबाईंनी सगळ्यांना चहा टाकला. मधुमेह म्हणाला, "वहिनी, मला बिनसाखरेचा. जपावं लागतं." बघा! तो जपतो. आपणच जपत नाही!

एकेकाचं ऐकून भाऊसाहेब थकले. म्हणाले, "संपली का रांग?"

"एक राहिल्यात," झोप म्हणाली. "आम्हा सगळ्यांच्या आधीपासून उभ्या आहेत."

भाऊसाहेबांनी वळून पाहिलं. सगुणाबाई. ओट्याला रेलून उभ्या, हातात गाळणं, आणि पाय सुजून पोळीच्या कणकेसारखे झालेले.

"हे कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

"मला सांगायचं नाहीस?"

"सांगितलं की. तुम्ही म्हणालात..."

पुढचं भाऊसाहेबांना पाठ होतं.

मंडळी, त्याच दिवशी दोघं डॉक्टरकडे गेले. डॉक्टर काय म्हणाले? तेच, जे तुम्हालाही पाठ आहे. चाला, मीठ कमी, रात्री लवकर जेवा, गोळ्या वेळेवर, पुन्हा येऊन दाखवा. आपल्याला ठाऊक नसतं असं नाही हो! आपण दमलेलो असतो. बरं, त्या घड्याळाला काम मिळालं — गोळ्यांच्या वेळेचं!

मग रोज संध्याकाळी दोघं हळूहळू चालायला लागले. एका मंगळवारी टेकडीकडे निघाले. पोचले का वर? नाही! पहिल्याच पायरीवर बसले. भाऊसाहेबांनी वर पाहिलं. देऊळ लांब होतं, आणि लांबच राहणार होतं. त्यांचे डोळे भरले.

"सगुणा, पाय चालत होते तेव्हा नेलं नाही गं तुला."

सगुणाबाईंनी पिशवी सोडली. खण काढला, तांदूळ काढले, निरोपाचा तो नारळ काढला, आणि पायरीवरच ओटी मांडली.

"अगं, देवी वर आहे!"

"येईल खाली. तिचे गुडघे शाबूत आहेत. तिनं कुणाला 'नंतर ये' म्हटलेलं नाही."

गुडघेदुखीही आली होती बरोबर. बसली बाजूला, काठी आडवी ठेवून.

आजार पळून गेले नाहीत हं, मंडळी! मी कीर्तनकार आहे, थापाड्या नव्हे. पण विचारपूस झालेला पाहुणा ओसरीवर बसून राहतो. ताटकळलेला दार फोडतो!

चला, आरती. उठा सगळे... अहो आजोबा, खांब धरून काय उठताय? कुठं दुखतंय? काय म्हणालात — "आरती झाल्यावर सांगतो"?

थांबवा रे टाळ! आरती थांबेल. देवाला विटेवर उभं राहायची सवय आहे. आजोबा, तुम्ही बसा.

हं. सांगा आता.