मी बुजवलेली खूण

हे मी सांगायचं नाहीय. म्हणजे सरांनी मला बजावलंय, "तेजस्वी, वळणावरचं वळणावर ठेवायचं, मांडवात आणायचं न्हाय." आणि मी हो म्हणाले. मी सगळ्यांनाच हो म्हणते काकू, तीच तर माझी अडचण आहे... घ्या ना, चहा घ्या, मला चहा द्यायला पाठवलंय, बोलायला नाही. पण प्रमुख पाहुणे अजून कोडोलीच्या फाट्यावरच आहेत म्हणे, चहा दोनदा फिरवून झालाय, आणि तुम्ही सगळे पेठ वडगावहून आलाय, परत काही भेटायचे नाही, म्हणून तुम्हाला सांगते! पण हळू. ते स्पीकरजवळ गळ्यात शिट्टी अडकवून उभे आहेत ना, ते आमचे विजयसिंह सर. खेळाचे. त्यांचं एक वाक्य आहे, तुम्ही सकाळपासून चार वेळा तरी ऐकलं असेल. "सगळ्यांना सारखं पायजे की!"

झालं. ह्या एका वाक्यानं माझं वाटोळं केलं.

आता तुमच्या मुलांनी आज ज्या वाटेवर सायकली मारल्या ती वाट. टाकीपासून वर, करवंदीच्या जाळीतून, मोठं वळण घेऊन खाली शाळेच्या मागच्या फाटकापर्यंत. ती कुणी केली? सरांनी सकाळी माईकवर सांगितलं, "विद्यार्थ्यांनी श्रमदानातून केली!" विद्यार्थ्यांनी म्हणे! ते विद्यार्थी दाखवते ना तुम्हाला. पहिल्या शनिवारी बावीस जण आले, खोरी हातात घेऊन फोटो काढला, तो तिकडं फ्लेक्सवर लागलाय बघा, त्यात मी नाही, कारण मी खाली वाकून दगड काढत होते, माझी फक्त पाठ आहे, डावीकडं, निळी. दुसऱ्या शनिवारी तिघं आले. तिसऱ्या शनिवारी मी आले आणि धोंडुबाईच्या शेळ्या आल्या. त्यानंतर वर्षभर तेवढ्याच. मी आणि शेळ्या! आणि शेळ्यांनी तरी निम्मं गवत खाल्लं, काही उपयोग झाला.

धोंडुबाई माहीत नसतील तुम्हाला. त्या डोंगराला शेळ्या राखतात, आवाज असा की पलीकडच्या ओढ्यातली शेळी मान वर करते. त्यांनीच मला शिकवलं. मी आधी काय करायचे, वाट झाडून गुळगुळीत करायचे, अंगण असल्यासारखी. तर त्या वरून ओरडल्या, "आगं ए पोरी, सारवतीयास व्हय डोंगर? पाण्याला वाट दे आधी! न्हाईतर पाणी तुझीच वाट घेतंय!" मग मी दर दहा पावलांवर वाटेला आडवा तिरका चर काढायला शिकले, खालच्या अंगाला मातीचा छोटा बांध, मुरूम टाकून पायानं दाबायचा, म्हणजे पावसाचं पाणी वाटेवरून धावत नाही, बाजूला उतरतं. आणि एक नियम. चाकाची खोल खूण दिसली की ताबडतोब बुजवायची. ताबडतोब! कारण खूण राहिली की पुढचं पाणी त्याच खुणेतून जातं, महिन्यात तिचा ओहोळ होतो, आणि मग तुमचं पोर त्यात चाक अडकून तोंडावर... नाही, घाबरू नका, बुजवलेत सगळे. हा नियम लक्षात ठेवा मात्र. ह्या नियमानंच घात केलाय.

तर शर्यत. पहिला येईल तो जिल्ह्याच्या शिबिराला. एकच जागा. सर, मुलींची वेगळी शर्यत? "तिघीच तर पोरी हायसा! सगळ्यांना सारखं पायजे की!" बरं. सर, फोन ठेवू का जवळ? "सगळ्यांचे फोन पिशवीत! सारखं पायजे!" बरं, ठेवला. मला वाटलं, असू दे, एकदा सायकलवर बसले की झालं, ती वाट मला येते. रात्री झोपेतसुद्धा माझा पाय त्या वाटेवर ब्रेक मारतो, म्हणजे ब्रेक हाताचा आहे, पण पाय हलतो, आई म्हणते.

आणि तेच नेमकं राजवीरच्या डोळ्यात खुपलं. राजवीर म्हणजे तो पिवळ्या हेल्मेटवाला, हंबीररावांचा मुलगा. हंबीररावांची शिरोली एमआयडीसीत फौंड्री आहे, हा मांडव त्यांचा, हा चहा त्यांचाच... चांगला झालाय ना? हो, चहाचा काय दोष. तर परवा राजवीर सरांना म्हणतो, असा मान वाकडी करून, "सर, हिला तर सगळे दगड पाठ हाईत की. हे बरोबर न्हाय. आमच्यावर अन्याय हाय." अन्याय! बघा हं, ज्यानं वर्षभरात एक घमेलं उचललं नाही, त्याच्यावर अन्याय! आणि सर विचारात पडले. सर विचारात पडले की शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळतात. पूर्ण गुंडाळली. मग म्हणाले, "मुद्दा हाय पोराचा. पेपर काढणाऱ्यानंच पेपर सोडवला तर कसं व्हायचं तेजस्वी? तुला एक मिनिट दंड. सगळ्यांना सारखं पायजे की!"

एक मिनिट दंड! वाट नीट ठेवल्याबद्दल! अहो, कसला पेपर? तो पेपर वर्षभर डोंगरावर उघडा पडला होता, ऊन खात, कुणीही यावं आणि वाचावं! पण हे मला कधी सुचलं? घरी गेल्यावर, भाकरी खाताना. सरांपुढं मी काय म्हणाले? "हो सर."

तर आज सकाळी. दर दोन मिनिटांनी एक सायकल सोडायची, आणि ज्याची फेरी झाली त्यानं जाऊन एका वळणावर उभं राहायचं, पडझड बघायला. मी तिसरी सुटले. खोटं नाही सांगत, अशी फेरी माझी कधीच झाली नव्हती. सगळे चर पायाखालून गेले एकेक, ओळखीच्या माणसासारखे. खाली आल्यावर सरांनी वेळ लिहिली, त्यात एक मिनिट घातलं, आणि तरीसुद्धा मी पहिली होते! तरीसुद्धा! मग मला पाठवलं मोठ्या वळणावर. खोरं तिथंच करवंदीत ठेवलेलं असतं माझं. उभी राहिले. आमच्या शाळेतला रुद्रेश गेला, आणखी दोघं गेले, नीट गेले बिचारे, वळसा घालून. त्या वळशाला अर्धं मिनिट जातं.

आणि आला राजवीर. पिवळं हेल्मेट, त्यावर कॅमेरा, पायात काय, हातात काय, नुसता लखलखाट. वर बघितलं, खाली बघितलं, मला बघितलं... आणि वळलाच नाही! सरळ! चरावरून, माझ्या बांधावरून, मुरूम उडवत, धाडकन खालच्या वाटेवर! बांध मधोमध फुटला, आणि काल संध्याकाळच्या सरीनं माती ओली, तर चाकाची खूण अशी उमटली, अशी स्पष्ट, की टायरवरची नक्षी मोजावी! वीतभर खोल! मी मोठ्यानं ओरडले... म्हणजे माझ्या मानानं मोठ्यानं. "अरे," म्हणाले.

वरून धोंडुबाई मात्र ओरडल्या, "ए मुडद्या, बांध फोडलास की!" म्हणजे त्यांनीही बघितलं. दोन साक्षीदार, आणि समोर पुरावा, ओला, ताजा! आता कुणीही शहाणं माणूस काय करेल? तिथं उभं राहील. हात पसरून उभं राहील, कुणाला जवळ येऊ देणार नाही, सरांना बोलवेल. बरोबर?

मी काय केलं?

मी खोरं घेतलं आणि बुजवली की हो खूण!

अहो, हात गेले! मला कळायच्या आत हात गेले! वर्षभराची सवय. आणि नुसती सवय नाही, मागून दोन मिनिटांत सुष्मिता येणार होती... तुम्ही सुष्मिताच्या आई ना? वाटलंच, नाक तेच आहे. तर तिचं चाक त्या खुणेत अडकलं असतं, ती उताराला, बाजूला खडक. मग मी काय करायचं? माझा पुरावा जपायचा आणि तुमची मुलगी पाडायची? पहिल्या पोराला सपाट वाट मिळाली तर तिलाही मिळायला हवी की नको? सगळ्यांना सारखं पायजे की! बघा, मीच म्हणाले! माझ्याच डोक्यात आलं ते वाक्य, सरांच्याच आवाजात, शिट्टीसकट! माती ओढली, मुरूम टाकला, चार लाथा घातल्या, बांध उभा. एक मिनिट पन्नास सेकंद. सुष्मिता आली, वळली, गेली. मला "थँक्यू ताई" पण म्हणाली. गोड आहे हो तुमची मुलगी.

राजवीर माझ्यापुढं किती? वीस सेकंद. वळशाचं अर्धं मिनिट वजा करा, म्हणजे तुम्हीच समजा.

मग मी सरांना सांगितलं. हो, मी! स्वतः! इतकं बोलले की कान लाल झाले. सर वर आले, हंबीररावही आले धापा टाकत. सर म्हणाले, "कुठाय खूण?" मी म्हणाले, इथं. सर वाकले, हंबीरराव वाकले. सरांनी पायानं दाबून बघितलं. घट्ट! "तेजस्वी, इथं तर काहीच न्हाय." मी म्हणाले, सर, मी बुजवली. "का बुजवलीस?" हंबीरराव इतके हसले, "सर, चोरी झाली म्हणतीया, आणि कुलूप हिनंच लावलंय!" मी म्हणाले, राजवीरच्या कॅमेऱ्यात बघा, तर त्याची बॅटरी, काय सांगू, नेमकी वळणाच्या आधी संपली. धोंडुबाई म्हणाल्या, "मी बघितलंय की वो माझ्या डोळ्यांनी!" तर सर म्हणाले, "मावशी, तुम्हास्नी खेळाचं नियम ठावं हाईत काय? एकीचं ऐकून निकाल बदलला तर उद्या सगळीच येतील. सगळ्यांना सारखं पायजे की!"

जाताना धोंडुबाईंनी माझ्या बांधावर काठी आपटून बघितली. म्हणाल्या, "पोरी, जरा वाईट काम करायला शीक."

शिबिराला तो जाणार. ह्याचं मला... जाऊ दे. रडले नाही मी, करवंदीचा काटा गेला होता डोळ्याजवळ.

पण खरी गंमत पुढंच आहे. आत्ता, तुमच्याकडं यायच्या आधी, सरांनी मला बोलावलं. मला वाटलं माफी मागतात. म्हणाले, "वीस जणांनी वाट पार नासवलीय. उद्या सकाळी सातला खोरं घेऊन ये दुरुस्तीला." मी विचारलं, सगळेच येणार ना सर? तर म्हणाले, "सगळी कशी येतील? ज्याला जमतंय त्यानंच करायचं की!"

ऐकलंत? इथं मात्र सारखं नको! आणि मी काय म्हणाले असेन? माझ्याकडं आता गमवायला काही उरलं नव्हतं, एकदा तरी तोंडावर सांगायचं असं ठरवून मी चांगला श्वास घेतला, आणि म्हणाले, सर...

"तेजस्वीऽऽ! पावणं आलं की! मेडलचं ताट कोण धरायचं?"

आले सर! आले!... कप तिथंच ठेवा काकू, मी नेते. हो, राजवीरच्या मेडलचं ताटही मीच धरायचं, मुलीनं धरलं की शोभा येते म्हणे... तर मी सरांना म्हणाले, स्पष्टच म्हणाले, सर, सातला नाही जमणार, मी सहालाच येते, दव असतं तेव्हा, ओली असली की माती चांगली बस...