रांग नसलेलं राज्य

कल्याणच्या रेशन दुकानातला तांदूळ संपत आला होता. रांगेतले दामोदरपंत मात्र मागे वळून ठमाबाईंना पंतप्रधानांच्या चुका ऐकवत होते.

"लोकांना भात हवा, आणि हे रताळी खा म्हणतात."

"फाळणीत गव्हाची एवढी जमीन गेली, पंत. त्यांनी काय खिशातून धान्य काढायचं?"

"मग इथल्या छावणीत एवढे निर्वासित कशाला घेतले?"

"घरदार सोडून आलेल्यांना परत पाठवायचं होतं का?"

"आमचं सरकार असतं, तर ही रांगच नसती."

पुढची माणसं निघून गेली, तरी पंतांची पाठ दुकानाकडेच. ठमाबाईंनी त्यांना वळसा घालून दुकानदारापुढे पिशवी धरली.

"अहो, नंबर माझा होता."

"असेल. पण तुमच्या राज्यात रांग नाही म्हणालात, म्हणून मी पुढे झाले."