‘व्हय’चं उत्तर

— न्हाय न्हाय, ते जाड पुस्तक नको घेऊस, ते ठिव खाली. ठिव म्हणते ना. दुकानदार असून सांगते, नको घेऊ — उचलून बघ की, इटंवानी लागतंय हाताला. मागं एक मास्तर घेऊन गेलं हुतं असलंच, पुढं बाजारात गाठ पडली तवा म्हणलं, मास्तर, कुठवर आलं शिकणं? तर म्हणत्यात, लीलाबाई, प्रस्तावना लई चांगली हाय! — हास, हास. आन् ते पिवळं? ते तर बिलकूल नको. ‘झटपट शिका’ लिवलंय त्याच्यावर. तू निरवांगीचा ना? डाळिंबाची बाग हाय म्हणालास ना मगाशी? मग तूच सांग, झटपट येतंय का रं डाळिंब? न्हाय ना? मग संगणकाची भाषा कशी येईल झटपट?

कुणासाठी पायजे म्हणालास — भाच्यासाठी. व्हय व्हय, भाच्यासाठीच. कितवीला हाय भाचा? — दहावीला? मगाशी आठवीला म्हणालास की! हितं हुबं राहूस्तवर दोन वर्सं पुढं गेला, लई हुशार दिसतोय. — अरं, कान लाल झालं की तुझं. बस त्या खुर्चीवर, निरवांगीची एसटी अजून लागली न्हाय, लागली की हितनं दिसती. नाव काय म्हणालास? गोकुळ. हां. तर गोकुळ, मला एक सांग, भाचा-बिचा राहू दे बाजूला — बायको काय करती तुझी? — प्रगती. छान नाव हाय. आन् करती काय प्रगती? — पुण्याच्या कंपनीचं काम, घरनं, संगणकावर. आता कसं! दिवसभर खोलीचं दार लावून बसती, कानाला ते लावून विंग्रजी बोलती, आन् तू जेवाय बोलवाय गेलास की हातानंच थांब म्हणती — व्हय का न्हाय? मला कसं ठाव? चेहऱ्यावर लिवलंय की तुझ्या, त्याला पुस्तक कशाला पायजे.

मला इचारशील तर हे पातळ घे. मराठीत हाय, आधी काय सांगतंय, मग चार ओळी लिवाय लावतंय, मग पुढं. मला काय त्यातलं, मी आपली वह्या-कंपास इकणारी बाई — पण हे सोपं हाय, पहिलं चार धडं तर नुसतं पाणी प्यायल्यासारखं जात्यात, पाचव्यात ते ‘जर’ येतं तितं जरा घोटाळा हुतो, म्हंजे जर असं असंल तर हे कर, नसंल तर ते कर — आन् ती ओळ थोडी आत सरकवून लिवायची असती, ती इसरली की सगळं आडतंय — काय बघतोस? — व्हय, वाचलंय मी. वाचलं म्हणून काय झालं? दुकान हाय माझं, भाकरी करणाऱ्या बाईनं भाकरी खायची न्हाय का?

आता बसलाच हायस तर सांगते, पण तुझ्यापाशीच ठिव. बाहेर पाटीवर नाव हाय ना — ‘जोतीराम बुक डेपो’ — ते आमचं हे. मी नाव घेत न्हाय. आता तर हाकबी मारत न्हाय, दिवाळीपासनं. अबोला. तसं भांडण म्हणावं तर न्हाय, आदळआपट न्हाय, काय न्हाय. आमची छकुली हाय ना, थोरली न् धाकटी एकच, तिच्या लग्नाची बोलणी हुती. पाव्हणं आल्यालं, ओसरीवर सगळी भावकी बसल्याली. लग्न कवा धरायचं त्यावर चाललं हुतं. मी आतनं येऊन एवढंच म्हणलं, पोरीची परीक्षा हुऊ द्या, मग धरा. एवढंच. तर हे हासलं — हासलं बघ — आन् पाव्हण्यांस्नी म्हणलं, तिचं काय मनावर घिऊ नका, तिला त्यातलं काय कळतंय! सगळी हासली. मी च्याचा ट्रे घेऊन हुबी. लग्न झालं, चांगलं झालं, जावई सोन्यासारखा हाय, पोरगी परीक्षाबी पास झाली — त्याचं काय न्हाय. पण ते हासणं माझ्या काळजात बसलं ते बसलं. तवापासनं मी गिऱ्हाइकाला सांगते, गिऱ्हाईक त्यांस्नी सांगतंय. “दादा, त्या माणसाला म्हणावं, वह्यांचा गठ्ठा सोडा.” असं. इंदापुरात सगळ्यांस्नी ठाव हाय, नवीन गिऱ्हाईक तेवढं घाबरतंय.

आन् ते माणूस तोंडानं चुकलं म्हणंल, असं वाटतंय तुला? जमिनीत गाडलं तरी न्हाय. मग काय केलं आसंल? हेच पातळ पुस्तक काढलं आन् बसलं. मला वाटलं, म्हातारपणी डोकं फिरलं. बोट ठिवून वाचायचं, लहान पोरावानी व्हट हलवायचं, आन् मी आली की पुस्तकावर बिलबुक टाकायचं. एक दिस सकाळी मी बिलं करायला हा संगणक लावला, तर काळा पडदा आला आन् त्यात लिवल्यालं — मोबाईलवर लिवत्यात तसं, विंग्रजी अक्षरात मराठी — “नाव काय?” मी म्हणलं हे काय नवीन, लिवलं, लीला. तर म्हणतंय, “लीला, च्या झाला का?” व्हायरस म्हणत्यात तो शिरला, मला वाटलं. लखनला बोलवलं, तो दुरुस्तीवाला, पलीकडच्या गाळ्यातला. त्यानं बघितलं आन् लागला हासायला. म्हणला, काकू, व्हायरस न्हाय, काकांनी लिवलंय. तोवर हे तिकडं स्टूलावर पाठ करून पेन्सिली मोजत हुतं. एकच डबा किती येळा मोजला देव जाणं.

मी ‘न्हाय’ लिवलं. तर म्हणतंय, “मग ठिवतो.” आता ठिवतो म्हणतंय, पण ठिवतंय कोण? मीच ठिवला च्या. मग रोज काय ना काय निघाय लागलं. “लीला, गुडघा दुखतोय का?” “लीला, छकुलीचा फोन आल्ता का?” मी काय रोज उत्तर देत नव्हते, आपली सरळ बंद करायची खिडकी आन् बिलं काढायची. भाव खायला नको का? — पण तुला म्हणून सांगते, एक दिस लाईट नव्हती, संगणक लागलाच न्हाय, तर दुपारपतुर माझं चित्त थाऱ्यावर न्हाय. कसला प्रश्न घातला आसंल आज, एवढंच डोक्यात. भाजी करपली. आता तर मी ह्यांच्या आधी येऊन शटर उघडते — जाऊ दे, हे मी तुला कशाला सांगतीया.

तर मग परवा. परवा पडद्यावर काय आलं — “लीला, माझं चुकलं का?” मी लई येळ बघत बसले. गिऱ्हाईक हुबं हुतं, त्याला म्हणलं थांब जरा. आन् लिवलं, ‘व्हय’. बोटानं हाणलं ते बटण. तर काय झालं आसंल? काय न्हाय! खिडकी गपकन बंद! परत लावलं, परत ‘व्हय’ लिवलं, परत बंद. मग म्हणलं ‘न्हाय’ लिवून बघावं — तर लगीच, “मग बोल की!” कळलं का तुला? अरं, त्या माणसानं ‘न्हाय’चंच उत्तर लिवलं हुतं! बायको ‘व्हय’ म्हणंल हे त्यांच्या डोक्यातच आलं न्हाय. पाचवा धडा अर्धा वाचला आन् उठलं. मला राग येवा का हासू येवं, कळंना. गिऱ्हाईक गेल्यावर पोट धरून हासले आन् मग जरा रडलेबी.

मग त्याच दुपारी हे बारामतीला माल आणाय गेलं, तवा मी बसले पुस्तक घिऊन. काय अवघड न्हाय रं. चारदा चुकलं, लाल-लाल अक्षरं आली, लखनला न इचारता केलं सगळं. जर ‘व्हय’ असंल तर — ती ओळ आत सरकवली — “चारचौघांत म्हणालात, चारचौघांत सांगा.” आन् तसंच ठिवलं. बारामतीवनं आल्यावर त्यांनी लावलं, बघितलं, मान खाली. तवापासनं प्रश्न बंद हायत. काल न्हाय, आज न्हाय. आता मलाच वाटतंय, जरा जास्तच —

म्हणून तुला सांगते गोकुळ, पुस्तक घे, पण लपवून वाचू नगंस. तिच्यासमोर बस. अडलं की तिलाच इचार, उगं हुशारी दाखवाय जाऊ नगंस. आन् पाचवा धडा पुरा वाच, बाबा! — हे नको घेऊस, हे माझं हाय, हळद लागलीया पानांना. नवी प्रत वरच्या फळीला हाय, आमचं हे आलं की काढून — आलंच बघ. दादा, त्या माणसाला म्हणावं, पातळ पुस्तक पायजे, वरलं. — ऐकलं वाटतं. बघ, लागलं चढाय. त्या स्टूलाचा एक पाय ढिला हाय, म्हणावं — म्हण की, गोकुळ, अरं हालतंय ते — अहो! अहो, पडाल! धरा, फळी धरा! उतरा खाली आधी, हळू, हितं हात द्या — माझ्या हाताला धरा —

…

लागलं न्हाय ना? — मग असं काय बघताय? — व्हय, बोलले. मग? पडू द्यायला पायजे हुतं का? — काय म्हणालात?

…

ह्याच्यासमोर सांगताय?

…

बरं. ऐकलं मी. — गोकुळ, तू अजून हितंच? एसटी लागलीया तुझी, ती बघ. पैसं राहू दे, नंतर दे. घे पुस्तक आन् जा. जाताना शटर वाईच खाली वढ. — अरं, सकाळ असली म्हणून काय झालं? दुकान बंद हाय. जा.