अर्ध्या सुताचा थर

—बसा हो कैचीकाका, उठताय कशाला? बूट इकडे द्या आणि पाय त्या स्टुलावर घ्या. कुई-कुई वाजतायत ना? मला ऐकू आलंय की! तुम्ही सलूनचं दार ओढलंत तेव्हापासून ऐकतेय — मला वाटलं, कुणीतरी कुत्र्याचं पिल्लू घेऊन येतंय. डावा का? दोन्ही? छान! म्हणजे खुर्चीतलं गिऱ्हाईक हसत असणार आणि गळ्यावर तुमचा वस्तरा — हे तर जिवावरचंच काम झालं. नाही, बाबा नाहीत, दोऱ्याची रिळं आणायला गेलेत. त्यांनाच दाखवायचे होते? का बरं? मी काय इथे नुसती खिळे निवडायला बसलेय? बघा, हेच — हेच मला खपत नाही. बुटाचा आवाज घालवायचा, एवढं कामसुद्धा तुम्हा लोकांना पासष्टीच्या माणसाकडूनच करून हवं असतं. माझ्याकडे पदवी आहे, वर पायांचा वर्षभराचा कोर्स केलाय, हातात रापी आहे — घाबरू नका, चामडं कापायची आहे, बोलताना हात हलतो माझा.

पाय कसे आहेत पण? नाही, खरंच विचारतेय, तोंडदेखलं नाही. दिवसभर त्या एका खुर्चीभोवती गोल गोल फिरत असता — काय सांगता! बरे आहेत? पोटऱ्या भरून येत नाहीत? कधीपासून? महिना झाला आणि हे मला आत्ता सांगताय! काही औषध, तेल, शेक? नुसतंच बरं वाटायला लागलं. नशीब काढलंत. बाबांना विचाराल तर म्हणतील, चामडं मुरलं. त्यांचं सगळ्याला एकच उत्तर — बूट चावतो, चामडं मुरायचंय. बूट चावत नाही, चामडं मुरलं. मी म्हणते, अहो बाबा, चामडं मुरेपर्यंत माणूस मुरतो त्याचं काय? माणूस उभा राहतो ना काका, तेव्हा सगळा भार टाचेवर आणि चवड्यावर पडतो, मधली कमान आपली अधांतरी. तिच्याखाली बुचाचा, म्हणजे कॉर्कचा, एक तळ बसवायचा, त्याच माणसाच्या पायाच्या ठशावरून कापलेला, की भार पसरतो, पाय शिणत नाही. एवढंच. यात जादू नाही, बंडखोरी नाही, बापाचा अपमान तर मुळीच नाही! पण नाही. ‘बूट चांगला असेल तर त्याच्या पोटात टेकू कशाला? माझ्या बुटात गादी घालणं म्हणजे मला बूट करता येत नाही असं माझ्या तोंडावर सांगणं.’ — आणि स्वतः? स्वतः डावा पाय ओढत चालतायत दोन वर्षं. त्या लाकडी ठोकळ्यासमोर उभं राहून चामडं कापायचं, दर दहा मिनिटांनी भिंतीला टेकायचं, आणि मी बघितलं की भिंत पुसत असल्याचं सोंग करायचं. भिंत पुसतात हो, काका! आयुष्यात घरात कधी फडकं हातात धरलं नाही!

पाणी हवंय? तिथेच माठ— बरं, राहू दे. हे आतलं अस्तर मागून सोडवावं लागेल, दोन मिनिटं लागतील. तुम्हाला शुक्रवारचं कळलंच असेल ना? तो रेडीमेडवाला, कोपऱ्यावर ज्याचं काचेचं दुकान आहे, तो येतोय बोलणी पक्की करायला. जागा घेणार, शटर लावणार, आत खोकी रचणार. सगळे मला म्हणतात, वडील थकले, बरं झालं. सगळ्यांना वाटतं, ही बाबांची कल्पना. तुम्हालाही तसंच वाटतं ना? हं. — नाही, काही नाही. — आता तुम्ही असं बघू नका माझ्याकडे. बरं, सांगते, पण सलूनमध्ये नाही गेलं पाहिजे. तुमच्या खुर्चीत बसलेल्याला गाव कळतं. आमचं भांडण झालं. बुचावरूनच. मी बाहेर पाटी लावायला निघाले होते — ‘पायाच्या मापाचे आतले तळ करून मिळतील’ — स्वतः रंगवली होती, दोन दिवस लागले. त्यांनी ती उलटी करून तिच्यावर चामडं वाळत घातलं. ओरडले असते तर चाललं असतं. आणि मग मी म्हणाले — मी म्हणाले की हे दुकान बंद पडलेलंच बरं. एवढंच. रागात बोलतो ना आपण? मी तर दिवसातून चारदा असलं काहीतरी बोलते, माझं बोलणं इतकं मनावर घ्यायची या घरात पद्धत आहे कुठे? पण त्यांनी घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करून, धुतलेला शर्ट घालून काचेच्या दुकानात गेले. आल्यावर म्हणाले, ‘तुझं म्हणणं बरोबर आहे.’ काका, या माणसाने मला जन्मात कधी ‘बरोबर’ म्हटलं नव्हतं. शाळेत पहिली आले तेव्हा म्हणाले, ‘अक्षर सुधार.’ आणि पहिल्यांदा बरोबर म्हटलं ते यावर.

मग? मग मी काय करणार? माफी मागायची? त्यांच्याकडे? त्यापेक्षा मी त्यांचा पाय बरा करीन, म्हटलं. पाय बरा झाला की उभे राहतील, उभे राहिले की कशाला विकतील? आणि तुम्हीच मला मदत केलीत, माहितीये का? हो, तुम्ही! दर सोमवारी तुमचं सलून बंद, तुम्ही दुपारी इथे बुद्धिबळ मांडता, बाबा बूट काढून मांडी घालून बसतात, आणि तुम्ही दोघं एका प्याद्यापायी अर्धा तास भांडता. तेवढ्यात मी बूट आत न्यायची. ‘पॉलिश करून आणते’ म्हणायची. बाबांना शंकासुद्धा आली नाही! जी मुलगी स्वतःच्या चपलेला ब्रश लावत नाही ती बापाचे बूट पॉलिश करते, यात काही काळंबेरं असेल, असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही — इतकं कसं हो साधं असतं माणूस? अस्तर उचलायचं, खाली बुचाचा एक थर, फक्त अर्ध्या सुताचा, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, कडा तासून, आणि अस्तर परत चिकटवायचं. एकदम घातला असता तर पहिल्याच पावलाला कळलं असतं. म्हणून एक सोमवार सोडून एक. तीन थर झाले, दीड सूत. आणि प्रत्येक वेळी वरून चिमूटभर टाल्कम पावडर, कारण बुचावर चामडं घासलं की ते— ते कुईकुई— हं. ते वाजतं. बाबांना हे माहीत नाही. त्यांनी आयुष्यभर चामड्याखाली चामडंच घातलं, त्यांना कुठून माहीत असणार?

उपयोग? शून्य! तोच तर माझा संताप आहे. दीड सूत घातलं, माप शंभरदा तपासलं, आणि बाबा अजून डावा पाय ओढतायत. उलट जास्तच. काल तर मी समोर आले आणि इतके लंगडले की मला रडूच आलं — म्हणजे आलं नाही, येणार होतं. सगळं चुकलं माझं. वर त्यांच्या पायाचा तो तपकिरी कागदावरचा ठसा, ज्यावरून मी कापत होते, तोही गायब. मी म्हटलं, उंदीर. बुचाचा तक्ता मागवला तर हातभर कमी निघाला, त्या पुरवठेवाल्याला मी फोनवर असं काही झाडलं की तो बिचारा— मरू दे त्याला. परवा शुक्रवार. झालं. सुटलं बघा हे अस्तर. आता यात खडा गेला असेल नाहीतर खिळा वर—

हे काय आहे?

नाही, काका, थांबा, बूट सोडा. हे कुणी घातलं? तुम्ही दुसरीकडे कुठे दाखवले होते हे बूट? काचेच्या दुकानात? मग कुणाकडे? इथेच. इथे कधी? दर शनिवारी. पॉलिशला. बाबांनी मागून घेतले? स्वतःहून? फुकट? काका, माझ्या बाबांनी आजवर कुणालाही फुकट पॉलिश करून दिलेलं नाही, तुमच्या लग्नातसुद्धा दिलं नसेल! आणि तुम्हाला शंका आली नाही? — नाही, मी हसत नाहीये. मला श्वास घेऊ द्या जरा.

हे बूच आहे. माझ्याच तक्त्यातलं. कड बघा कशी कागदासारखी उतरवलीय — अशी मला उतरवता येत नाही, माझा हात अजून तेवढा नाही, ही एकाच माणसाची रापी आहे. कापलंय माझ्याच पद्धतीने, कमान मी काढते तशीच, फक्त तुमच्या पायाला रुंद केलीय. पावडर नाही. अजिबात नाही! म्हणून वाजतंय! अहो, विचारायचं होतं ना मला — कोरडं बूच घालून ठेवलंय!

आणि पेन्सिल. ते सगळ्यावर लिहितात, माहितीये ना, लाकडी फर्म्यांवरसुद्धा — कुणाच्या अंगठ्याला गाठ, कुणाची टाच बारीक. थांबा, उजेडात धरू दे. ‘पहिला शनिवार. कैचीला काही कळले नाही.’ — तुम्ही, काका. ‘दुसरा शनिवार. म्हणतो पोटऱ्या हलक्या.’ ‘डावी कमान किंचित वर घेणे.’ आणि इथे, टाचेपाशी, बारीक अक्षरात... ‘मुलीचे माप दीड सूत. माझ्या पायाला घालून पाहिले. बरोबर आहे.’

...

काही नाही. बुचाची पूड गेली डोळ्यात.

खाली अजून एक ओळ आहे. ‘पुढच्या महिन्यात टाचेचा थर बदलणे.’ पुढच्या महिन्यात! काका, शुक्रवारी दुकान देऊन टाकणारा माणूस पुढच्या महिन्यात कुठे बसून थर बदलणार आहे? काचेच्या दुकानात? आणि तो पाय? मग रोज माझ्यासमोर ओढतात तो पाय—

श्श. बोलू नका. ऐका. बोळातली फरशी वाजतेय. त्यांचीच पावलं, टाचेला नाल आहे त्यांच्या. ठक, ठक, ठक, ठक. ऐकताय ना? सारखी! जिन्यावरून उतरणाऱ्या कॉलेजच्या पोरासारखी सारखी! आता वळले. आता आमचं दार दिसलं. आता बघा हं, आता बघा — ठक... फर्र. ठक... फर्र. अगं बाई गं! काय नाटकी म्हातारा आहे!

नाही, मी नाही बोलणार. तुम्हीही नाही. शपथ आहे. शुक्रवारी तो माणूस येऊ दे, बाबा त्याला काय सांगून वाटेला लावतात ते मला दाराआडून ऐकायचंय. माझं ते वाक्य मागे घ्यायचंय, ते घेईन मी, माझ्या सोयीने. पाटी मात्र आजच सुलटी करणार. घ्या, हे बूट घाला, पावडर टाकलीय भरपूर, वाजणार नाहीत. आणि ते तोंड आधी सरळ करा, हसताय काय! मागच्या दाराने निघा — जा, जा लवकर—

आलात बाबा? सावकाश या, पायरी आहे. फार दुखतोय का हो आज?