पुतळ्याचा हात

बाबा आयसीयूत वारले तेव्हा मी दाराबाहेर होते. महिन्याभरानं त्यांची उरलेली औषधं सांगलीच्या दुकानात परत देऊन आटपाडीच्या एसटीत बसले. पुढच्या बाकावर दोन नर्स होत्या, एक वयस्क, एक तरुण.

"आक्काताई, आयसीयू मला जमायचं न्हाई. उद्या मी जनरल वॉर्डच मागणार हाय."

"का गं सोनिया? आजच्या ट्रेनिंगमध्ये सरावाच्या रबरी पुतळ्याची छाती तूच सगळ्यांत नीट दाबलीस."

"त्याला काय लागतंय! मग पुतळा गेला आसं धरून नातेवाइकाला सांगायचं व्हतं, तवा तोंडच उघडंना. त्यात तुमीच लेक हून बसलेल्या, डोळ्याला रुमाल लावून."

"मग काय हसत बसू?"

"बाकीच्या हसल्याच की. आन् शिकवणाऱ्या सायबांनी बटण दाबून पुतळा जिता केला, दुपारच्या बॅचसाठी."

"बरं, आता सांग. मी तीच लेक."

"हितं? एसटीत?"

"कंडक्टर पुढं आहे. सांग."

"ताई... आमी लय धडपड केली. तुमचे वडील गेले."

"मला आत सोडलं नाही गं. एकटेच होते का ते?"

"न्हाई. मी व्हते. हात धरला व्हता त्यांचा."

"हे तिथं का नाही बोललीस?"

"पुतळ्याचा हात धरला म्हणून सांगायची लाज वाटली."

"वेडी. उद्या माझ्याबरोबर आयसीयूतच यायचं."

"येते. पर तुमी जवळ ऱ्हावा."

"राहते. आता पुन्हा एकदा सांग."

एसटीचा खडखडाट फार होता. मी पुढच्या बाकाची दांडी धरून वाकले.